दिवसाची लाईट

मोबाईलवर धनाजीचं नाव दिसलं तेव्हा मी क्षणभर नुसता बघत राहिलो. धनाजी आमच्या भावकीतला पुतण्या. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, बांधाला त्याचा बांध. माझ्या मालतीवहिनींशी त्याने बोलणं टाकलं होतं, आणि त्यांच्याशी नाही म्हणून माझ्याशीही कामापुरतंच. अशा माणसाचा भर दुपारी फोन आला तर मन आधीच सावध होतं. मी उचलला. पलीकडे माणसांचा कालवा ऐकू येत होता. 'अण्णा,' तो म्हणाला आणि थांबला. मग एका दमात बोलला, 'काकू गेल्या. वसरीला खुर्चीत बसल्या व्हत्या... तशाच गेल्या. काकांला बोलता येत न्हाई, म्हणून मी लावला.' मी काही विचारायच्या आत त्याने 'या लगेच' म्हणून फोन ठेवला.

चिंचवडहून निघालो. मंचरला कांद्याच्या गाड्यांच्या रांगेत अडकलो, तेव्हा खिडकीतून बाजार बघताना माझ्या डोक्यात वहिनींपेक्षा धनाजीच घोळत होता, हे आज कबूल केलं तर वहिनींना वावगं वाटणार नाही. मधल्या वर्षांत आमच्या गावात जे घडलं, ते त्या दोघांच्या मधोमध घडलं होतं. गावाला वाटायचं त्यांचं वैर आहे. मला मात्र शेवटपर्यंत त्याला नेमकं नाव देता आलं नाही.

वहिनी जुन्नरकडच्या. लग्न होऊन आमच्या गावी आल्या, निरगुडसरच्या पलीकडे, घोड नदीच्या अंगाला. कळंबच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे घरात त्या वहिनी, काकू काही असल्या तरी गावात त्या 'बाई'च होत्या. दोन डबे घ्यायच्या, एक काळा रंगवलेला, एक पांढरा; पाणी भरून शाळेच्या पटांगणात ठेवायच्या आणि तासाच्या शेवटी मुलांना त्यात बोटं बुडवायला लावायच्या. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी माणसांना ऊन म्हणजे काय हे पहिल्यांदा बोटाला कळलं ते असं. घरी गच्चीवर काचेच्या झाकणाची पेटी असायची, तिच्यात डाळ शिजायची. दादा जेवताना म्हणायचा, 'आज ढग व्हतं वाटतं, डाळ दाताखाली येती.' वहिनी त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढायच्या.

माझी नोकरी विदर्भातल्या कोळशाच्या वीजकेंद्रात. सुट्टीला घरी आलो की आमचं दोघांचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, वहिनी, हे उन्हाचं खूळ शाळेपुरतं ठीक आहे, जग त्याच्यावर चालत नाही. त्या भाजी निवडता निवडता म्हणायच्या, 'भाऊजी, तुमच्या कोळशात काय असतं? जुनं ऊनच ना? झाडांनी खाल्लेलं, जमिनीत गाडलेलं. तुम्ही शिळं खाता अन् ताज्याला नावं ठेवता.' साऱ्या जगाला वर्षभर जेवढी शक्ती लागते तेवढं ऊन पृथ्वीवर तास-दोन तासांत पडतं, हे त्या मला दर दिवाळीत नव्याने सांगायच्या. आणि मी दर दिवाळीत एकच विचारायचो, 'रात्रीचं काय?' त्या टाळत नसत. बॅटऱ्या, वर चढवून ठेवलेलं धरणाचं पाणी, वारा, एका देशात रात्र असताना दुसऱ्या देशातलं ऊन... सगळं बोलायच्या आणि शेवटी सरळ सांगायच्या, 'रात्रीचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण दिवसाचं तर आहे. ते तरी तुम्ही घ्याल की नाही?'

हे सगळं त्या वेळी आमच्या गच्चीवरचं, हसतखेळत चालणारं भांडण होतं. धनाजीच्या बायकोला, सुनीताला, बिबट्याने धरलं आणि ते गच्चीवरून खाली उतरलं.

आमच्या भागात शेतीची लाईट पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ऊस माणसाच्या डोक्यावर जातो आणि त्यात बिबट्यांची पिढ्यान्‌पिढ्या घरं झालेली. रात्रपाळीची लाईट आली की मोटार चालू करायची आणि पाण्याची दारं धरायची, म्हणजे एका वाफ्याचं पाणी तोडून दुसऱ्यात सोडायचं. हे काम बॅटरीच्या उजेडात, वाकून. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही म्हणतात. त्या दिवशी धनाजी कांदा घेऊन मंचरला गेला होता. लाईट तिन्हीसांजेला आली म्हणून सुनीताच मोटार चालू करायला गेली. किंकाळी पहिल्यांदा वहिनींनी ऐकली, कारण त्या गच्चीवरून पेटी खाली आणत होत्या. त्या हातातली पेटी टाकून ओरडत धावल्या. दादा आणि वस्तीवरची चार माणसं पोहोचेपर्यंत बिबट्या उसात गेला होता आणि वहिनी बांधावर बसून आपल्या लुगड्याचा पदर सुनीताच्या खांद्यात दाबून धरत होत्या. पिकअपमध्ये मंचरपर्यंत आणि तिथून पुढे पुण्यापर्यंत तो हात त्यांनी काढला नाही. सुनीता वाचली. उजव्या हातातली ताकद मात्र कायमची गेली. आजही तिला भाकरी थापता येत नाही.

पुण्याच्या दवाखान्याच्या जिन्यात वहिनी मला म्हणाल्या, 'भाऊजी, पंप दुपारी चालला असता तर ही पोरगी आज घरी असती.' त्यापुढे त्यांनी मला रात्रीचं काय, हे कधी विचारू दिलं नाही.

त्यांनी त्यासाठी गाव पिंजून काढलं. सरकारची योजना होतीच: गावाजवळच सोलरचा प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज शेतीच्या वेगळ्या लाईनला, फिडरला, द्यायची, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा लाईट. वहिनी दारोदार गेल्या. सरपंचांना घेऊन पुण्याला खेपा घातल्या. त्यांच्याबरोबर दर खेपेला असायचा धनाजी. 'काकू, तुमी म्हणाल तिथं येतो,' म्हणायचा. मोटारसायकलवर मागे बसवून तो त्यांना ऑफिसांमधून फिरवत होता. निवृत्त होऊन मी चिंचवडला राहायला आलो तेव्हा हेच चालू होतं, आणि मंजुरी आली त्या दिवशी त्याने पेढ्यांचा पहिला पुडा वहिनींच्या हातात दिला होता.

जागा ठरवायला माणसं आली तेव्हा वहिनी जुन्नरला माहेरी गेल्या होत्या. परत आल्या तर वसरीला हिराबाई बसलेली. हिराबाईची माणसं पूर्वापार मेंढरंवाली. आता त्यांनाही थोडी शेती आहे, पण तिच्या घरात अजून मेंढरं आहेत, आणि पावसाळ्याचे महिने ती गावच्या गायरानावर, आम्ही ज्याला माळ म्हणतो तिथे चरतात. ती चहाला नको म्हणाली.

'बाई, तुमची मशीन माळावं बसनार म्हनत्यात. चुना टाकून गेल्यात समदीकडं.'

'समदीकडं म्हणजे?'

'समदीकडं. पाण्याच्या वाटंला बी. तारंचं कंपाउंड व्हनार म्हनं.' ती जरा थांबली. 'मंग आमी मेंढरं कुटं न्यायची ते सांगा. तुमी सांगाल तिकडं नेतो.'

तिच्या आवाजात राग नव्हता, असं वहिनी मला नंतर म्हणाल्या. राग असता तर बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस त्या हिराबाईबरोबर माळावर जाऊन येत राहिल्या. कुठे गवत येतं, कुठे नुसता मुरूम आहे, मेंढरं पाण्याला कुठून उतरतात, हे सगळं पायाखाली घातलं. मी गेलो तर मलाही घेऊन गेल्या. मी म्हणालो, 'वहिनी, मोठं काम आहे, कुणाचं तरी थोडं जाणारच.' वहिनी मेंढरांच्या पाण्याच्या वाटेवर थांबल्या. त्या म्हणाल्या, 'मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, ऊन कमी पडत नाही. खरंच पडत नाही भाऊजी. जागा कमी पडते. आणि ती दर वेळी दुसऱ्याची असते.'

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढे भरली. एवढी माणसं मी आमच्या गावात लग्नालाही पाहिली नव्हती. ठराव वाचून झाला, हात वर होणार, तेवढ्यात वहिनी उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागायची. हृदयाच्या झडपेचा त्रास तेव्हाही होता. त्या म्हणाल्या, 'हे काम मी आणलंय. मला ते हवंय, तुमच्याइतकंच हवंय. पण सगळा माळ देऊ नका. पलीकडे बंद पडलेली खडीची खाण आहे, तिचा उतार आहे. तिथे गवताची काडी उगवत नाही. आधी तिथे होतंय का बघू द्या.'

आधी कुजबुज झाली, मग आवाज वाढले. कुणी म्हणालं, आता मंजूर झालेलं मोडणार का. कुणी म्हणालं, चार घरांच्या मेंढरांसाठी सारं गाव अंधारात मरू दे. वीज कंपनीकडून आलेल्या साहेबांनी हसून विचारलं, 'बाई, सपाट जागा सोडून खड्ड्याकडे कोण जातं?' वहिनी म्हणाल्या, 'ज्याला सपाट जागा कुणी देत नाही तो जातो. आपणही एकदा जाऊन बघू.' मागे हिराबाई आणि तिच्याकडच्या बायका एका ओळीत बसल्या होत्या, एकीनेही मान वर केली नाही. तेव्हा धनाजी उठला. त्याने सुनीताला हाताला धरून उभं केलं. तिला ते नको होतं, ते दिसत होतं. 'काकू,' तो म्हणाला, 'ह्या हाताकडं बगा, अन् मंग बोला.'

वहिनींनी त्या हाताकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्यांच्याइतकं त्या हाताबद्दल कुणाला ठाऊक होतं... मग त्या म्हणाल्या, 'बघितलं धनाजी. तरी मी तेच म्हणते.'

ठराव त्या दिवशी झाला नाही. जागेची पुन्हा पाहणी करायची ठरली. धनाजीने त्या दिवशी बोलणं टाकलं.

पाहणीला उशीर लागत गेला. साहेब बदलले, नवे आले. इकडे कांद्याच्या लागणी झाल्या, रात्रपाळीची लाईट होती तशीच येत राहिली. गावात वहिनी रस्त्याने निघाल्या की पारावरचं बोलणं थांबायचं. दुकानात कुणी मुद्दाम म्हणायचं, 'बाईंच्या कृपेनं आजबी रातीचंच दारं धरायचं.' दादा कांदा लावून रात्री पाण्याला जात होताच. तो वहिनींना एका शब्दाने बोलला नाही. तो मुळातच कमी बोलणारा, पण त्या दिवसांत त्याचं न बोलणंही वहिनींना टोचत असणार.

आणि मग ती पहाट झाली. तांबडं फुटायच्या सुमाराला वहिनींना दादाचा फोन आला. आवाज अगदी हळू. 'मोटारीच्या खोलीत हाय. दार लावून घेतलंय. मांडीला लागलंय... ते भाईरच हाय, पिल्लं हायत संगं.' मोटारीची खोली म्हणजे पत्र्याचं दार असलेलं, एक माणूस जेमतेम उभा राहील असं बांधकाम. वहिनी बाहेर आल्या. जवळ ट्रॅक्टर एकाकडेच होता. त्या धनाजीच्या दारात गेल्या आणि त्यांनी कडी वाजवली.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात तिळाचाही फरक नव्हता. धनाजीने दार उघडलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, 'तुझे काका खोलीत अडकलेत.' त्याने चावी घेतली. वहिनी मडगार्डवर चढून बसल्या. त्याने उतरा म्हटलं नाही आणि त्या उतरल्या नाहीत. बांधाने ट्रॅक्टर नेताना उसाची पानं दोघांच्या तोंडावर घासत होती. खोली दिसली तेव्हा मादी दारापासून हाताच्या अंतरावर बसली होती. हेडलाईट पडल्यावरही ती उठली नाही. धनाजीने इंजिन रेस केलं, हॉर्न धरून ठेवला. ती उठली, त्यांच्याकडे दोन पावलं आली, आणि थांबली. वहिनी म्हणायच्या, 'मला त्या वेळी फक्त तिचे कान दिसत होते. मागे दुमडलेले.' धनाजीने गिअर टाकला आणि ट्रॅक्टर सरळ तिच्या अंगावर घातला. तेव्हा ती उसात वळली आणि तिच्या मागून दोन पिल्लं. ट्रॅक्टर दाराला खेटवून लावला, मधून दादाला ओढून घेतलं. त्याचं धोतर रक्ताने भरलं होतं आणि तो शुद्धीवर होता. परतताना त्याला दोघांनी मधे धरलं होतं.

दवाखान्याच्या दारात धनाजी बोलला. ग्रामसभेनंतरचं पहिलं बोलणं. 'काकू, आता तरी हट सोडा. उद्या काका न्हाई वाचायचं.'

वहिनी म्हणाल्या, 'तू आज माझा कुंकवाचा धनी आणलास. मी तुला काय बोलू. पण धनाजी, हा बिबट्या हिराबाईने नाही सोडलेला.'

तो निघून गेला.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दादाला टाके घालून झाले होते आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्या रडल्या नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, 'भाऊजी, मी चुकत असेन तर तुम्ही आज सांगा. उद्या सांगू नका.' मी त्यांच्याशेजारी बाकावर बसलो. मग त्यांनी विचारलं, 'तुम्ही एवढी वर्षं वीज केली. ती खाण एकदा तुमच्या डोळ्यांनी बघाल का?'

मी बघितली. माझ्या केंद्रातले दोन जुने सहकारी पुण्यात होते, त्यांना घेऊन आलो. उतार दक्षिणेला तोंड करून होता, सोलरला तेच लागतं. तळाला पाणी साचायचं, तेवढा भाग सोडावा लागणार होता, आणि माळाची खाणीला लागून असलेली एक पट्टी घ्यावी लागणार होती. पण माळाचा मोठा भाग आणि पाण्याची वाट मोकळी राहत होती. नव्या साहेबांनी आकडे तपासले आणि होईल म्हणाले. अडचण एकच निघाली. खाणीपासून सबस्टेशनला जाणारी तार दुसरीकडून नेता येत नव्हती. खांब धनाजीच्या रानातून जाणार होते.

आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो, दादा काठी टेकत. धनाजीने बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि ऐकून घेतल्यावर स्वच्छ नाही म्हणाला. 'माळ द्यायला ह्यांचा जीव तुटतो, अन् माझ्या रानात खांब रवायला येत्यात.' वहिनी म्हणाल्या, 'खरं आहे. तुला तसं वाटणारच.' मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात सुनीता आतून आली. डाव्या हाताने तिने चहाचा ट्रे टेकवला.

'मला दिवसा लाईट पायजे,' ती म्हणाली. 'ती माळावनं येऊ द्या न्हाई तर खाणीतनं, मला काय त्याचं न्हाई. तुमी काकूसंगं भांडत ऱ्हायला तर दोन्हीकडनं बी यायची न्हाई. खांब बांधावं रवा म्हणावं. बांधावं काय कांदा येतो व्हय.'

धनाजी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघून, वहिनींकडे न बघता, विचारलं, 'बांधावनंच जातील ना, अण्णा?'

खांब बांधावरून गेले. प्रकल्प उभा राहिला. सगळं गोड झालं असं मात्र मी लिहिणार नाही. माळाची पट्टी गेली ती गेलीच, आणि त्या साली हिराबाईने थोडी मेंढरं विकली. मी तिला विचारलं तर म्हणाली, 'थोडं गेलं, थोडं ऱ्हायलं. बाई नस्त्या तर कायबी ऱ्हायलं नस्तं.' धनाजी खांबांना तयार झाला, पण वहिनींशी बोलला नाही तो नाहीच. गावातले काही जण अजूनही म्हणतात, बाईंनी आपलं एक वर्ष वाया घालवलं, आणि त्या वर्षात दादाची मांडी गेली हे तर सगळ्यांना दिसतंच. वहिनींनी त्याला कधी उत्तर दिलं नाही. 'त्यांचं म्हणणं खोटं नाही,' म्हणायच्या. 'मी निवडलं. निवडल्याचं भोगावं लागतं.'

पहिल्यांदा दिवसा सलग लाईट आली त्या दिवशी मी गावात होतो. साऱ्या रानांतून एकदम मोटारी सुरू झाल्या. भर उन्हात बायका-माणसं पाण्यात उभी होती, डोक्याला फडकं, हातात फावडं, आणि कुणीही मागे वळून उसाकडे बघत नव्हतं. इतकी साधी गोष्ट, पण मी आमच्या गावात ती कधीच पाहिली नव्हती. वहिनी गच्चीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या संध्याकाळी जेवताना मी त्यांना छेडलं, 'मग, साऱ्या जगाला पुरणार म्हणता तुमचं ऊन?' वरच्या दिव्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, 'हा दिवा आत्ता तुमच्या कोळशावर जळतोय, मला माहीत आहे. अजून पुष्कळ व्हायचंय. पण होईल भाऊजी. आकाशाकडून काही अडणार नाही. अडलंच तर ते खाली, अशा देवळापुढे अडेल. तिथे प्रत्येक गावात हिराबाई असणार आणि धनाजी असणार, आणि दोघंही खरं बोलत असणार. तेवढं सोडवायला माणसं मिळाली पाहिजेत.' मग दादाकडे वळून त्यांनी विचारलं, 'भाजी तिखट झालीय का?' आमचं हे शेवटचं मोठं बोलणं.

झडपेचं ऑपरेशन त्या पुढे ढकलत राहिल्या. डॉक्टरांनी तारीख दिली होती, त्याच्या आधीच गेल्या.

त्यांच्या मातीला धनाजी पुढे होता. खांदा त्याने कुणाला बदलू दिला नाही. हिराबाई आणि सुनीता घराच्या दारात शेजारी शेजारी बसल्या होत्या, बोलत नव्हत्या. दहाव्याच्या दिवशी सगळी माणसं पांगल्यावर धनाजी माझ्याजवळ येऊन बसला. 'बोलायचं व्हतं,' तो म्हणाला. 'रोज वाटायचं आज बोलू. दिवसा दारं धरायला गेलो की समोर गच्चीवं उभ्या दिसायच्या. हात करायच्या... मी बी करायचो.' एवढं सांगून तो उठला. हात करायच्या, हे मला वहिनींनी कधी सांगितलं नव्हतं.

मी दादाजवळ थोडे दिवस राहिलो. एका दुपारी त्याच्याबरोबर रानात गेलो. लाईट आलेली होती, मोटार चालू होती. दादा लंगडत वाफ्यावाफ्याने पाणी फिरवत होता आणि मी लिंबाखाली बसलो होतो. त्याच्या शर्टाच्या खिशातून मोबाईल डोकावत होता. मी सहज म्हणालो, पाण्यात पडेल, माझ्याकडे दे. तो नको म्हणाला. मग फावड्यावर रेलून, माझ्याकडे न बघता, बोलू लागला. एवढं बोलताना मी त्याला आयुष्यात ऐकलं नव्हतं.

'मांडी बरी झाल्यावं मी परत रातीच्या पाण्याला जाया लागलो. कांदा थोडाच थांबतो. तर ती म्हनली, एकट्यानं जायचं न्हाई. मंग मी रानात आलो की ती फोन लावायची, अन् पाणी व्हईस्तोवर ठेवायचीच न्हाई. आसा खिशात, स्पीकरवं. ती घरात, मी हितं.'

'काय बोलायचात?'

'मी काय बोलनार. तीच बोलायची. शाळंतलं, म्हायेरचं, कुनाचं पोरगं कुठं लागलं... तारे का लुकलुकत्यात ते बी एकदा सांगितलं. मी हं म्हनायचो. माझं हं आलं न्हाई की घाबरून वरडायची. म्हनून मी हं म्हनतच ऱ्हायचो.' त्याने एक वाफा तोडला, दुसऱ्यात पाणी सोडलं. 'उभ्या संसारात आमी घरात येवढं बोललो न्हाई. मंग दिवसाची लाईट आली, अन् ते बंदच झालं. म्हनलं झालं, आता कशाला फोन. तर एक दिस भर दुपारी वाजला. मी म्हनलं, काय गं, काय झालं. तर म्हनती, काय न्हाई... सवय लागली.'

त्यानंतर रोज, म्हणाला. अगदी त्या दिवशीही. तो पाण्यात उभा होता, ती काहीतरी सांगत होती, आणि मध्येच तिचा आवाज थांबला. त्याने दोन-तीनदा हं म्हणून पाहिलं.

दादाने फावडं उचललं आणि पाण्याच्या पुढे पुढे चालत गेला. ऊन डोक्यावर होतं, सगळीकडे मोटारींचा एकच आवाज भरून राहिला होता. त्या आवाजात, वाकून माती ओढता ओढता, तो मध्येच थांबायचा, मान किंचित खिशाकडे कलती करायचा, आणि हळूच म्हणायचा, 'हं.'